तिसऱ्या खांबापर्यंतचं ऊन

फाल्गुन सरत आला की वर्ध्याकडे येणाऱ्या रस्त्यांवरच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. चार महिने कापसाच्या बंड्या आणि ट्रक त्यांच्याखालून गेलेले असतात, आणि बाभळींनी जाता-येता चिमूट चिमूट कापूस ओढून आपल्या काट्यांवर ठेवून घेतलेला असतो. शेतांतल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, जिनांची धडधड थांबलेली असते. येणारे-जाणारे गाडी थांबवून त्या बाभळींचे फोटो काढतात. मला मात्र त्यांची भीती वाटते. अडतीस वर्षं झाली, दर साली वाटते. मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

तशी मी पालीला भिते, विजेला भिते, बँकेत सही जुळेल की नाही म्हणूनही भिते. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला आणि पोरं मला टरकून असायची. त्यांना काय ठाऊक, फळ्याकडे तोंड केलं की बाईंचाच खडू थरथरायचा. पण ही सगळी भीती घरातल्या मांजरीसारखी, पायात घोटाळते आणि निघून जाते. फाल्गुनातली तशी नाही. ती आली की मला आठ-आठ दिवस जेवण जात नाही.

यंदा ती फाटक वाजवून आली. वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेतल्या माझ्या घराच्या ओट्यावर दुपारी एक मुलगी उभी, विशीतली, स्कूटीची किल्ली बोटात फिरवत. श्रावणी, नलूताईची नात. मी तिला लांबून ओळखत होते. नलूताईच्या माणसांना मी लांबूनच ओळखते.

"कुमुदआजी, जिनातलं थेटर पुन्हा चालू होऊन राह्यलं. पाडव्याले पहिलं नाटक हाय. मी गाऊन राह्यली त्याच्यात."

"वा, छान झालं," मी म्हटलं.

"अन् पेटीवर तुमीच पाह्यजे म्हणते आजी. तुमी नसान तं मले गाऊच देत नाई म्हणे."

"नलूताई म्हणाली असं? माझं नाव घेऊन?"

"हो ना बाप्पा! काऊन, काय झालं?"

काही नाही म्हणत मी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. बाहेर येऊन मी तिला सांगितलं की विचार करून कळवते, आणि ती गेल्यावर कितीतरी वेळ दाराला कडी लावून बसले.

जिनातलं थेटर म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. गावात कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, म्हणजे एक जिन होता. दिवाळीच्या सुमारास चालू व्हायचा, फाल्गुनात बंद. मग रुईच्या गठाणी ठेवायचं त्याचं लांबलचक गोदाम पाडव्यापासून मृगापर्यंत रिकामं पडे. मालकाला गाण्याचं वेड. त्यानं गोदामाच्या एका टोकाला लाकडी रंगमंच बांधला, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना पत्रं घातली आणि संगीत नाटकं वर्ध्याला यायला लागली. ही माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट. पुढे दारावर सुंदरशी पाटी लागली, पण ती कुणी वाचली नाही. नागपूर-अमरावतीचे शौकीन रेल्वेनं यायचे, केळझर-सेलूकडची मंडळी बंड्या जुंपून यायची, आणि टांगेवाल्याला सांगायची, जिनातल्या थेटरात घे.

त्या थेटराची कीर्ती मोठी होती आणि ती अर्धीअधिक भीतीचीच होती. कितीही झाडलं तरी गोदामाच्या वाशांवर, तुळयांवर रुईचा थर राहायचाच. एक ठिणगी पडली असती तर गोदामासकट नाटकाची राख झाली असती. म्हणून मालकाची सक्त ताकीद, आत विस्तव न्यायचा नाही. दारात पहारेकरी टिनाचा डबा घेऊन बसायचा. बिड्या, काड्यापेट्या, चिलमी सगळं त्यात टाकून आत जायचं, आणि नाटक सुटल्यावर आपली काड्यापेटी कोणती यावरून भांडायचं. बिड्याच नाहीत तर कंदील कुठला आणि गॅसबत्ती कुठली? तेव्हा अख्ख्या मुलखात रात्री होणारी नाटकं आमच्याकडे दिवसाउजेडी व्हायची. दुपारी तीनला पडदा वर, दिवस मावळायला खाली, मग नाटक संपो न संपो. एकदा म्हणे नायिकेचं लग्न लागायचंच राहिलं आणि लोक तिला तशीच कुमारिका ठेवून घरी गेले.

उजेड यायचा तो छतातून. मातीच्या कवेलूंमध्ये, म्हणजे कौलांमध्ये, मधे-मधे काचेची कवेलू बसवलेली होती, त्यांतून उन्हाची एक पट्टी खाली उतरायची आणि दुपारभर गोदामाच्या खांबांवरून पूर्वेकडे सरकत जायची. पहिल्या खांबाशी आली की पहिला अंक संपायला हवा. तिसऱ्या खांबाला टेकली की उरलेलं नाटक कसंबसं बसतं, एक मिनिट वाया घालवायचं नाही. आणि संगीत नाटकात मिनिटं खातो तो वन्स मोअर. पद रंगलं की लोक पाय आपटायचे, ओरडायचे, अन् नायिका मरायला टेकलेली असली तरी उठून पुन्हा गायची. दुसऱ्या थेटरांत हा मामला गाणारा आणि लोक यांच्यातला. आमच्याकडे तो पेटीवाल्याच्या हातात होता, कारण रंगमंचाच्या पुढ्यात बसल्या-बसल्या ऊन दिसायचं ते त्यालाच. पायांनी भाता मारायची ती मोठी पायपेटी. पेटीवाल्यानं पदाची पहिली ओळ पुन्हा छेडली की वन्स मोअर मंजूर, आणि मग गाणाऱ्याला गाण्यावाचून सुटका नाही. त्यानं पुढच्या प्रवेशाचा सूर दिला की नामंजूर, आणि लोकांनाही ओरडण्यात अर्थ नाही.

गाणाऱ्यालाही आपलं म्हणणं सांगायची एक वाट होती. पुरुष लुगडी नेसून बायकांची कामं करायचे तेव्हापासूनची ती खूण. पद संपल्यावर पदर मोकळा सोडला तर पुन्हा गायची तयारी आहे. पदर कमरेला खोचला तर गळा नाही म्हणतो आहे. लोकांना यातलं काही कळायचं नाही, पेटीवाल्याला कळायचं.

त्या पेटीवर तीस वर्षं माझे बाबा बसले. वीज आली, पंखे आले, बाहेरच्या कंपन्या यायच्या थांबल्या आणि गावातलीच हौशी मंडळी नाटकं करू लागली, तरी पाडव्याच्या नाटकाची वेळ तीनचीच राहिली आणि खांबांचा हिशेबही तोच. मग अर्धांगाच्या झटक्यानं बाबांचा उजवा हात गेला. त्यांनी मला पेटी लहानपणापासून शिकवली होती, पण थेटरात बाई पेटीवर? गावात कुजबुज झाली. बाबा बधले नाहीत. मला म्हणाले, "दोनच गोष्टी पाह्यजो. ऊन पाह्यजो अन् पदर पाह्यजो. लोकायकडं पाहू नोको, लोकं तं काईबी म्हणते."

ती माझी पहिली पाडवा-दुपार. चोविसाव्या वर्षी माणसाला किती घाम येऊ शकतो ते मला त्या दिवशी कळलं. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, त्यांवर मारलेल्या पाण्याचा वास, लोकांच्या डोक्यांना लावलेल्या खोबरेल तेलाचा वास, आणि या सगळ्यांखाली जुन्या सरकीचा तेलकट, कोंदट वास. मला तो वास आजही सहन होत नाही. सरकीची ढेप भरलेली गाडी शेजारून गेली तरी मी नाकाला पदर लावते.

नायिका नलूताई. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. केळझरच्या पुढे एका खेड्यात तिच्या घरच्यांचं भाजीचं वावर, आणि ती रोज सकाळी वर्ध्याच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. मेथी, सांभार, वांगी असं ती ओरडायची ना, तेव्हा बाजारातली बाकीची ओरड खाली बसायची. बाबांनी तिला तिथंच ऐकली होती. मेथी घ्यायला गेले आणि नलूताईला घेऊन आले, असं आई म्हणायची. पाच हंगाम ती जिनातल्या थेटराची राणी होती आणि सकाळी पुन्हा बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन हाळी देत होती. तिच्या घरी तीन माणसं खाणारी. तो गळाच तिचं दुकान होता.

त्या साली तालमीत तिला रुई बाधली. आठ दिवस खोकत होती. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून आली आणि नाटकाच्या दिवशी, तोंडाला रंग लावता-लावता, मला जवळ बोलावून म्हणाली, "कुमुद, डाक्टर म्हणे, गाऊच नोको. म्या म्हटलं, एक डाव तं गाईन. पन एकच डाव वं बाई. म्या पदर खोचला का तू फुडं चालजो."

मी हो म्हटलं. डोक्यावर हात ठेवून म्हटलं.

दुसऱ्या अंकातलं भीमपलासातलं पद. ती गायली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझी बोटं कुणाच्या तरी आवाजाखाली बरोबर, अगदी बरोबर जाताना ऐकली. पद संपलं. सगळं गोदाम उठलं. वन्स मोअर, वन्स मोअर. पाय आपटायला लागले. तुळया हादरल्या आणि वर्षानुवर्षांची रुई वरून सावकाश खाली यायला लागली, लोकांच्या टोप्यांवर, माझ्या पेटीच्या पट्ट्यांवर, नलूताईच्या केसांवर. पहिल्या रांगेत बाबा बसले होते. त्यांचा एकच हात वर झालेला. कुणीतरी मागून ओरडलं, "पोरीनं बापाचं नाव राखलं!"

मी समोर पाहिलं. नलूताईनं पदर खोचलेला होता.

मी तो पाहिला. पुन्हा सांगते, मी पाहिला. मग मी मान वळवून उन्हाकडे पाहिलं. पट्टी तिसऱ्या खांबाच्या चांगली चार बोटं अलीकडे होती. वेळ होता. ऊन हो म्हणत होतं, लोक हो म्हणत होते, आणि मला भीती वाटली की आता नाही म्हटलं तर हे सगळं थांबेल आणि मला पुन्हा कधी मिळणार नाही. मी पहिली ओळ छेडली.

नलूताईनं माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला माहीत नाही, कारण मी पट्ट्यांकडे पाहत होते. ती गायली. अंतऱ्यात वरच्या सा वर चढली आणि तिथं आवाज आलाच नाही. फाटला नाही, घसरला नाही, नुसता आला नाही. तोंड उघडं, हात वर, आणि आवाज नाही. मी एवढी भेदरले होते की माझे पाय थांबेनात. पुढची अख्खी ओळ पेटी एकटीच वाजत राहिली.

गळ्यात आत रक्त उतरलं होतं. ते बरं झालं, पण व्रण राहिला, आणि तिथून तिचा आवाज म्हणजे नुसती कुजबुज. लोक म्हणाले, रुईनं खाल्ला. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. बाबांनी दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "पदर दिसला नोता का?" मी म्हटलं, "मी उन्हाची पट्टी पाहत होते." ते बरं म्हणाले. नंतर पाचेक वर्षांनी थेटर बंद पडलं, जिनही बंद पडला, बाबाही गेले. मी घरी पेटी वाजवत राहिले, भजनाला बसत राहिले, पण त्या गोदामाच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

नलूताई मात्र बाजारात बसतच राहिली. हाळी देता येत नाही, म्हणून ती तराजूच्या पारड्यावर वजनाचा दगड वाजवते. टण टण, टण टण. गिऱ्हाइकाला कळतं, नलूबाईची भाजी आली. अडतीस वर्षं मी बाजारात जाताना आधी कान देते, तो आवाज कुठून येतो आहे, आणि दुसऱ्या बाजूनं जाते. तरी कधी कधी गाठ पडतेच. मग ती माझ्या पिशवीत सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी जास्तीची टाकते. त्या जुडीची मला केवढी भीती वाटते! शिवी दिली असती तर मी घरी येऊन रडले असते आणि मोकळी झाले असते. तिला माहीत आहे का? मी पाहिलं होतं हे तिला माहीत आहे का? सांभार निवडताना दर वेळी हाच प्रश्न, आणि विचारायची छाती नाही.

श्रावणी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नाही म्हणायला बाजारात गेले. या खेपेला आवाजाच्या दिशेनं गेले. नलूताई गोणपाटावर बसून वांगी पुसत होती. केस पार पांढरे झालेले.

"नलूताई, मले नाई जमणार वं. हात चालत नाई आता."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. तिचं बोलणं ऐकायला खाली वाकावं लागतं. मी वाकले.

"भजनात तं मस्त चालते म्हणे."

"भेव लागते."

"मले नाई लागत का?" ती कुजबुजली. "माही नात हाय ते."

"मग मलेच काऊन बोलावून राह्यली? नागपूरचे किती जण मिळतीन."

तिनं एक वांगं पुसलं, दुसरं उचललं. मग म्हणाली, "तूच येजो."

घरी परतताना माझ्या डोक्यात नाही नाही ते आलं. ही आता सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार. म्हातारपणी मला त्याच जागेवर बसवून, पाहा, हिनंच माझा गळा घेतला म्हणणार. आणि मी काय करणार? खरंच आहे म्हणून उठून उभी राहणार, की पुन्हा उन्हाकडे पाहणार? घर येईपर्यंत मी मनातल्या मनात तीनदा नाही म्हटलं होतं. फाटक उघडताना कळलं की मी जाणार आहे. सांभाराच्या त्या जुड्यांपेक्षा तरी ते बरं.

तालमी झाल्या. गोदामात आता गुबगुबीत खुर्च्या आहेत, भिंतींना रंग आहे, दारात टिनाचा डबा हौसेनं काचेच्या कपाटात ठेवलेला आहे. मी नाक दाबून आत शिरले. वास गेलेला नव्हता. रंगाखालूनही सरकी येतच होती. वर पाहिलं तर काचेची कवेलू तशीच, आणि तुळईच्या सांध्यात, झाडू पोचला नाही तिथं, पांढरं काहीतरी. दुसऱ्या तालमीत श्रावणी एकदा खोकली. एकदाच. माझे पाय भात्यावरून निसटले. "काई नाई व आजी, धूळ गेली," ती हसत म्हणाली. त्या दिवसापासून मी तिच्या प्रत्येक श्वासावर कान ठेवून होते.

पाडव्याला कडुनिंबाचा पाला तोंडात घालून, देवाला सोडून बाकी सगळ्यांच्या पाया पडून मी पेटीवर बसले. पहिल्या रांगेत, बाबांची होती साधारण त्याच जागी, नलूताई. मांडीवर हात, नवं लुगडं. पडदा वर गेला. पहिल्या अंकाला पट्टी पहिल्या खांबाशी, सगळं वेळेवर. दुसऱ्या अंकात श्रावणी भीमपलास गायली. पोरीचा गळा आजीचा नाही, पातळ आहे, पण खरा आहे. वरच्या सा वर ती गेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, आणि तो सा आला, आणि राहिला.

मग तेच. पाय, टाळ्या, वन्स मोअर, वन्स मोअर. हातात वर धरलेले मोबाइल एवढाच फरक. पट्टी तिसऱ्या खांबाच्या अलीकडे. आणि श्रावणीनं पदर कमरेला खोचला.

विंगेतून मॅनेजर हातानं गोल-गोल खुणा करत होता, घ्या, घ्या. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारीले आयकू नाई येत वाटते!" लोक हसले. माझी बोटं पट्ट्यांवर होती, पहिल्या ओळीवरच होती, आपसूक तिथं जाऊन बसलेली. मी उन्हाकडे पाहिलं नाही. लोकांकडे पाहिलं नाही. त्या खोचलेल्या पदराकडे पाहत राहिले, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. मग बोटं उचलली आणि पुढच्या प्रवेशाचा सूर दिला.

लोक नाराज झाले. कुणी शिट्टी वाजवली, कुणी खुर्ची आपटली. पण नाटक पुढे सरकलं.

दिवस मावळताना पडदा पडला. मी पेटीचं झाकण लावत होते तर श्रावणी तोंडाचा रंग न पुसताच धावत आली. मी तिचा दंड धरला. "गळा दुखून राह्यला का? रक्त तं नाई ना आलं? उद्या सकाळीच सेवाग्रामले..."

"गळा तं मस्त हाय व आजी!" ती फुरंगटून म्हणाली. "अजून दोन डाव गायली असती मी. माह्या आजीनंच बजावलं होतं, लोकं कितीबी ओरडू दे, तू पदर खोचजो म्हणून. गेला माहा वन्स मोअर!"

तिच्या मागून नलूताई सावकाश पायऱ्या चढून आली. माझ्यासमोर उभी राहिली. मी खाली वाकायच्या आधी तीच वाकली, माझ्या कानाशी.

"या बारीनं दिसला तुले."